दादर टी.टी.: ट्रामच्या आधी आखलेले ट्रामचे उपनगर

मुंबईतील दादरच्या हिंदू कॉलनीत तीन पिढ्यांपासून राहणाऱ्या आणि वास्तुशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने तीन प्रश्न पाठवले आहेत. दादर टी.टी. या नावातील दोन अक्षरांचा अर्थ काय, हा पहिला. अमेरिकेच्या नगररचनेच्या इतिहासात ज्याला 'स्ट्रीटकार सबर्ब' म्हणजे ट्रामचे उपनगर म्हणतात, त्या अर्थाने दादर-माटुंगा हे ट्रामचे उपनगर ठरते का, हा दुसरा. तिसरा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. त्यांची तळमजला अधिक दोन मजल्यांची इमारत पुनर्विकासासाठी पाडली जाणार आहे, तेव्हा ती जाण्यापूर्वी तिची नोंद कशी करावी आणि तिच्यात नेमके काय पाहावे, असे त्यांनी विचारले आहे. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम मी तीस वर्षांहून अधिक काळ करीत आलो आहे आणि त्यातील बराच काळ याच गल्ल्यांमध्ये गेला आहे. त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. काही जण त्याचा अर्थ ट्रॉली टर्मिनस असा सांगतात, पण तो चुकीचा आहे. विजेच्या तारांवर चालणाऱ्या ट्रॉलीबस मुंबईत १९६२ साली आल्या, त्या गोवालिया टँक आणि माझगाव गोदी यांच्या दरम्यान धावल्या आणि दहा वर्षांच्या आत बंदही झाल्या. दादरच्या या चौकाचे नाव त्याच्या कितीतरी आधीचे आहे. पुढे ट्रामचे रूळ किंग्ज सर्कलपर्यंत, म्हणजे आजच्या महेश्वरी उद्यानापर्यंत गेले, तरी शेवटच्या थांब्याचे नाव दादरलाच चिकटून राहिले. कागदोपत्री चौकाचे नाव खोदादाद सर्कल असले, तरी आजही माणसे 'टीटीला उतरतात'. ट्रामची अशीच एक खूण 'बेस्ट' या नावातही होती. १९०५ साली स्थापन झालेल्या मूळ कंपनीचे नाव बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज असे होते. १९४७ साली ती महापालिकेच्या ताब्यात आल्यावर 'ट्रामवेज'च्या जागी 'ट्रान्सपोर्ट' हा शब्द आला आणि आद्याक्षर तेच राहिल्यामुळे हा बदल फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी अमेरिकेतील मूळ प्रकार काय होता, ते पाहिले पाहिजे. घोड्यांनी ओढलेल्या ट्राममुळे बोस्टनसारखी शहरे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर हळूहळू बाहेर पसरू लागली होती. परंतु खरा वेग आला तो १८८८ साली फ्रँक स्प्रेग या अभियंत्याने रिचमंड शहरात विजेच्या ट्रामचे मोठे जाळे यशस्वी करून दाखवल्यानंतर. तेथील व्यवहाराचे सूत्र असे होते की, शहराबाहेरची स्वस्त जमीन आधी विकत घ्यायची, तिथवर ट्राम न्यायची आणि ट्राम आल्यामुळे वाढलेल्या भावाने तिचे तुकडे विकायचे. बोस्टनजवळच्या ब्रुकलाइनमध्ये हेन्री व्हिटनी यांनी बीकन स्ट्रीटच्या बाबतीत हेच केले. रस्ता रुंद करण्याचा आराखडा फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड या उद्यानरचनाकाराकडून करून घेतला, मधोमध ट्रामचा पट्टा ठेवला आणि दोन्ही बाजूंच्या जमिनीचे मोल वाढवले. अटलांटामधील इनमन पार्क हे १८८९च्या सुमाराचे उपनगर जोएल हर्ट यांनी उभारले आणि ट्रामही त्यांनीच आणली. तिकिटाच्या पैशापेक्षा जमिनीचा नफा मोठा असे, म्हणून घरे ट्रामच्या मार्गाला चिकटून, थांब्यापासून पाच-दहा मिनिटांच्या पायी अंतरात वाढली. मार्ग संपला की उपनगर संपे. नकाशात पाहिले तर ही वस्ती तळहाताच्या बोटांसारखी शहराबाहेर पसरलेली दिसते.

मुंबईत हा क्रम उलटा लागला, आणि दादर-माटुंग्याच्या घराघरांत दिसणारा फरक या उलट्या क्रमातून आला आहे, असे माझे ठाम मत आहे. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी असे पहिले मार्ग होते, आणि वीस डबे व दोनशे घोडे एवढा सरंजाम होता. सुरुवातीचे भाडे तीन आणे होते, म्हणजे मजुराला न परवडणारे, आणि पुढे ते उतरवावे लागले. तीस वर्षांहून अधिक काळ या ट्रामने दक्षिण मुंबईत आणि भायखळा-परळच्या अलीकडच्या दाट वस्तीतच सेवा दिली. तिने उपनगर घडवले नाही, कारण तिच्या कंपनीकडे विकायला जमीन नव्हती आणि शहराच्या उत्तरेला अजून भातशेती, खाजण आणि ताडामाडांच्या वाड्या होत्या.

उपनगर घडवले ते प्लेगने. १८९६च्या सप्टेंबरात मांडवी भागात पहिले रुग्ण आढळले आणि मूळचे गोव्याचे असलेले डॉक्टर अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे ओळखले. त्यानंतरच्या काही वर्षांत माणसांनी शहर सोडून पळ काढला, व्यापार ठप्प झाला, आणि दाट, अंधाऱ्या, हवा न खेळणाऱ्या चाळींवर सर्वांचे बोट गेले. त्यातून १८९८ साली कायदा होऊन बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट अस्तित्वात आला. या ट्रस्टचे काम दुहेरी होते. दाट वस्ती फोडून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट यांसारखे रुंद रस्ते काढायचे, म्हणजे समुद्राची हवा शहराच्या पोटात शिरेल. आणि तेथून उठलेल्या व उठू शकणाऱ्या लोकांसाठी उत्तरेला नव्या वसाहती आखायच्या. दादर-माटुंगा, शीव-माटुंगा आणि शिवडी-वडाळा या योजना या दुसऱ्या कामातून आल्या. पहिल्या कामाची बरीच चर्चा झाली आहे आणि त्यात बेघर झालेल्या गरिबांचे हाल हा तिचा काळा भाग आहे. या उत्तरात मी दुसऱ्या कामापुरता राहतो, मात्र दादरला राहायला गेलेले लोक बहुतांशी ते बेघर झालेले लोक नव्हते, हे येथेच स्पष्ट केले पाहिजे. चाळीतून उठलेल्या मजुराला दादर लांब होते आणि महागही होते.

अशा रीतीने येथे जमीन सार्वजनिक संस्थेने ताब्यात घेतली, भर घातली, गटारे टाकली, रस्ते आखले, भूखंड पाडले आणि ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. ट्राम या सगळ्यानंतर येणार होती. परिणामी बरीच वर्षे आखलेले रस्ते होते, पण त्यांवर घरे मोजकीच होती. काम करणारा माणूस फोर्टात, आणि भूखंड माटुंग्यात. दोहोंच्या मध्ये लालबाग-परळच्या गिरण्यांचा पट्टा. रेल्वे होती, दादरला तर दोन कंपन्यांच्या दोन रेल्वे होत्या, पण स्थानकापासून दूर असलेल्या पूर्वेकडच्या भूखंडांना दारापाशी थांबणारे आणि फोर्ट, क्रॉफर्ड मार्केट, भायखळा अशा मधल्या प्रत्येक नाक्यावर उतरवणारे वाहन हवे होते. ७ मे १९०७ रोजी महापालिका कार्यालयापासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत विजेवरची पहिली ट्राम धावली आणि पुढे टप्प्याटप्प्याने रूळ उत्तरेकडे सरकत दादरला, आणि १९२०च्या दशकात किंग्ज सर्कलला पोहोचले. पहिल्या महायुद्धानंतर शहरात घरांची जी भीषण टंचाई झाली, तिने आणि या रुळांनी मिळून रिकामे भूखंड भरले. १९२० ते १९४५ ही साधारण पंचवीस वर्षे म्हणजे आज आपण ज्याला दादर-माटुंगा म्हणून ओळखतो त्याचा बांधणीचा काळ.

ट्राम चालवणारी कंपनी आणि घरात वीज देणारी कंपनी एकच होती, ही बाब वास्तूच्या दृष्टीने मला महत्त्वाची वाटते. वस्ती वाढली की ट्रामला उतारू मिळत आणि विजेला ग्राहक. जिना, गॅलरी आणि दिवाणखान्यात पहिल्या दिवसापासून विजेचे दिवे असलेली मध्यमवर्गीय वसाहत, हे चित्र गिरगावात नंतर जोडलेल्या तारांपेक्षा निराळे आहे. आपल्या इमारतीतील जुने लाकडी केसिंग-कॅपिंग, म्हणजे विजेच्या तारा झाकणाऱ्या पट्ट्या, आणि चिनी मातीचे फ्यूज शिल्लक असतील, तर त्यांचे छायाचित्र अवश्य घ्यावे.

आता घरांच्या रूपाकडे येऊ. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१०च्या दशकात प्रकाशाच्या एका नियमाचा फार आग्रह धरला. प्रत्येक राहत्या खोलीच्या बाहेर इतकी मोकळी जागा असावी की, भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशाच्या कोनात वर गेलेली रेषा समोरच्या इमारतीला अडू नये. ऐकायला हा नियम कोरडा वाटतो, पण त्याचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे. या कोनाचा उतार जवळजवळ दोनास एक असा येतो. म्हणजे समोरची इमारत चाळीस फूट उंच असेल, तर मध्ये किमान वीस फूट मोकळे हवे. दक्षिण मुंबईत दोन चाळींमध्ये जेमतेम हात पसरता येईल एवढी फट असे, तेथे आकाश दिसत नसे आणि फटीत घाण साचे. दादर-माटुंग्यात इमारतीच्या चारही बाजूंना मोकळी जागा आली आणि त्या जागेनेच इमारतीची उंची ठरवली. मूळ इमारती बहुतांशी तळमजला अधिक दोन मजल्यांच्या आहेत, त्यामागे नुसती आवड नाही, हा हिशेब आहे.

याच ठिकाणी अमेरिकेशी फरक सर्वांत स्पष्ट होतो. तेथील ट्रामच्या उपनगरात स्वतंत्र घर आणि त्याभोवती बाग ही बहुतेकांची इच्छा होती. अर्थात तेथेही अपवाद आहेत, आणि आपल्याला जवळचा असा एक अपवाद मुद्दाम सांगतो. बोस्टनच्या डॉर्चेस्टर भागात १८८० ते १९३० या काळात लाकडी 'थ्री-डेकर' घरे मोठ्या संख्येने बांधली गेली. एकावर एक तीन मजले, प्रत्येक मजल्यावर एक कुटुंब, प्रत्येकाला स्वतःचा व्हरांडा. ट्रामच्या भाड्यात नोकरीवर जाणाऱ्या, पण स्वतंत्र बंगला न परवडणाऱ्या कुटुंबांनी हे रूप स्वीकारले. माटुंग्याच्या तीन मजली इमारतीत आणि डॉर्चेस्टरच्या थ्री-डेकरमध्ये देवाणघेवाण झाल्याचा कोणताही पुरावा नाही. तरी ट्रामच्या अंतराने, जमिनीच्या भावाने आणि मध्यमवर्गीय कुटुंबाच्या पगाराने जगाच्या दोन टोकांना सारख्याच उंचीचे उत्तर दिले, ही गोष्ट मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे.

ट्रस्टच्या कल्पनेतही सुरुवातीला बागेतल्या घरांचे चित्र होते. प्रत्यक्षात भूखंड घेणाऱ्यांनी भाड्याने देण्याच्या इमारती बांधल्या, आणि त्यांत राहायला आलेल्या माणसाने नव्या प्रकारच्या घराला 'ब्लॉक' हे नाव दिले. मुंबईच्या मराठीत या शब्दाला जी प्रतिष्ठा होती, ती नव्या पिढीला समजावून सांगावी लागते. 'चाळीतून ब्लॉकमध्ये गेले' या वाक्यात एका कुटुंबाच्या आयुष्यातली मोठी उडी होती. चाळीत खोल्या दोन, संडास मजल्याच्या टोकाला सर्वांचा मिळून, आणि पुढची गॅलरी सामाईक. तिच्यावरून सगळा मजला ये-जा करणार, तिथेच वाळवण, तिथेच भांडण आणि तिथेच गप्पा. ब्लॉकमध्ये दार एक, दाराच्या आत न्हाणीघर आणि संडास, आणि गॅलरी फक्त स्वतःची. शब्द तोच राहिला, पण वस्तू बदलली. चाळीची गॅलरी हा रस्ता होता. ब्लॉकची गॅलरी ही रस्त्याकडे पाहण्याची जागा झाली. दादर-माटुंग्याच्या दर्शनी भागावरील सर्वांत मोठी कारागिरी गॅलरीवर खर्च झालेली दिसते, त्याचे कारण मला याच बदलात दिसते.

संडास घराच्या आत घेणे ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती. सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पना पाळणाऱ्या कुटुंबांना तो स्वयंपाकघराच्या आणि देवघराच्या जवळ नको होता. म्हणून नकाशांमध्ये तो मागच्या टोकाला, बहुधा एका छोट्या मागील गॅलरीच्या पलीकडे ढकललेला दिसतो. अनेक इमारतींच्या पाठीमागे लोखंडाचा गोल जिना चढत गेलेला आढळतो. आज त्याला आग लागल्यास सुटकेचा जिना समजतात. तो सफाई करणाऱ्या माणसाला घरातून न येता थेट मागच्या बाजूने संडासापर्यंत पोहोचता यावे, यासाठी होता, आणि जुने रहिवासी त्याला मेहतराचा जिना म्हणत. नव्या, उजेडाच्या, विजेच्या वसाहतीत जातीने स्वतःसाठी वेगळा रस्ता बांधून घेतला, त्याचा हा लोखंडी पुरावा आहे. याच हिंदू कॉलनीत १९३०च्या दशकाच्या प्रारंभी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या ग्रंथसंग्रहासाठी आणि निवासासाठी राजगृह बांधले. परळच्या चाळीत राहिलेला हा विद्वान या वसाहतीत आला, तो पुस्तकांना पुरेशी जागा आणि उजेड असलेले घर स्वतः उभारून. आपण नोंद करताना मागचा जिना सुंदर नाही म्हणून वगळू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

वसाहतीच्या निरनिराळ्या भागांनी हाच आराखडा आपापल्या परीने वापरला. पूर्वेला दादर पारशी कॉलनीचे श्रेय मंचेरजी एदलजी जोशी या अभियंत्याकडे जाते. कनिष्ठ मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी त्यांनी ट्रस्टकडून शंभराहून अधिक भूखंड मिळवले, आणि घरे उभी राहण्यापूर्वी रस्त्याकडेला झाडे लावून घेतली, तीही प्रत्येक रस्त्याला वेगळ्या जातीची. शंभर वर्षांनंतर आज त्या रस्त्यांवर उभे राहिले की, वास्तूपेक्षा आधी सावली डोळ्यांत भरते. या कॉलनीला कुंपण नाही, ही मुंबईच्या पारशी वसाहतींमध्ये वेगळी ठरणारी गोष्ट आहे. तिच्या शेजारच्या पाच बागा, म्हणजे फाइव्ह गार्डन्स, ही या संपूर्ण योजनेतील सर्वांत उदार जागा आहे. रस्त्यांच्या वळणात मोकळी हिरवी जागा सोडून तिच्याभोवती इमारतींची तोंडे फिरवणे, हे काम आजचा कोणताही विकासक करणार नाही, कारण त्या जागेची विक्री होत नाही.

हिंदू कॉलनीचा घाट अधिक साधा आहे: क्रमांक दिलेल्या गल्ल्या आणि मुख्य रस्त्याशी जुळलेली त्यांची तोंडे. गल्लीच्या टोकापासून ट्रामच्या थांब्यापर्यंत चालत काही मिनिटे लागत, आणि हे अंतर तुम्ही आजही पावलांनी मोजू शकता. उत्तरेला माटुंग्यात दक्षिण भारतीय कारकून, लेखनिक आणि हिशेबनीस मोठ्या संख्येने आले. १९२३ साली तेथे आस्तिक समाज स्थापन झाला आणि पाठोपाठ शिक्षणसंस्था, भोजनगृहे आली. गुजराती आणि कच्छी कुटुंबेही आली. ट्रस्टने शिक्षणसंस्थांसाठी जागा राखल्यामुळे १९२३मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट येथे हलली, १९३७मध्ये रुईया आणि खालसा ही महाविद्यालये सुरू झाली, आणि १९४१मध्ये पोदार. सकाळी फोर्टाकडे जाणाऱ्या कारकुनांबरोबर उलट दिशेने येणारे विद्यार्थी मिळाल्यामुळे या मार्गाच्या ट्रामला दोन्ही बाजूंनी उतारू मिळत असत. निव्वळ झोपण्यापुरते उपनगर राहिले असते, तर हा परिसर आज इतका जिवंत राहिला नसता.

आता आपल्या इमारतीचा काळ कसा ओळखावा, याविषयी. ती १९३५च्या आसपासची असल्याचे घरात सांगतात, असे आपण लिहिले आहे. त्याची पडताळणी साहित्यावरून करता येते. १९२०च्या दशकातील इमारतीत जाड विटांच्या भारवाहू भिंती, लोखंडी तुळया, सागाचा जिना, लाकडी किंवा ओतीव लोखंडाचे कठडे आणि पुष्कळदा मंगलोरी कौलांचे छप्पर आढळते. खिडक्यांवर कमानी किंवा गिलाव्यात काढलेली फुलांची नक्षी असते. १९३०नंतर सिमेंट काँक्रीट स्वस्त आणि विश्वासाचे झाले आणि दर्शनी भागाची भाषाच बदलली. आधारावाचून पुढे आलेली गोल कोपऱ्याची गॅलरी, खिडकीवरून भिंतीभोवती वळून जाणारा सलग छज्जा, जहाजाच्या डेकसारखे आडव्या नळ्यांचे कठडे, जिन्याच्या उभ्या पट्टीत बसवलेली काच किंवा जाळी, लोखंडी दारावर उगवत्या सूर्याचे किरण, आणि दर्शनी भागावर उठावाच्या अक्षरांत इमारतीचे नाव. यालाच आर्ट डेको म्हणतात. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाजवळच्या अशा इमारती २०१८ साली जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, दादर-माटुंगा मात्र त्या यादीत नाही. समुद्रावरच्या इमारतींची ऐट येथे नाही हे खरे. परंतु भाड्याने राहणाऱ्या शिक्षकाच्या आणि कारकुनाच्या घरालाही तोच छज्जा, तीच जाळी आणि तीच गोलाई मिळाली, यात मला अधिक मोठी गोष्ट दिसते.

फरशीकडेही नीट पाहावे. नक्षीच्या सिमेंट फरश्या दिवाणखान्यात आणि शहाबादी फरशी मागच्या खोल्यांत अशी विभागणी असेल, तर ती मूळची समजावी. सर्वत्र एकसारखे मोझॅक असेल, तर ते बहुधा नंतरच्या दुरुस्तीतले. स्वयंपाकघरात उभ्याने काम करण्याचा ओटा मूळचा आहे की नंतर बांधलेला, हे त्याच्याखालच्या फरशीवरून कळते, कारण जुनी फरशी ओट्याखाली अखंड गेलेली असेल, तर पहिली गृहिणी जमिनीवर बसून रांधत होती.

या इमारतींचे वैरी दोन आहेत: गोठलेली घरभाडी आणि पुनर्विकास. १९२५पासून उपनगरी गाड्या विजेवर धावू लागल्या, १९२६ साली बस आली, आणि ट्राम हळूहळू मागे पडत गेली. ३१ मार्च १९६४ रोजी रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून निघाली आणि दादरला येऊन थांबली. तोपर्यंत भाडे नियंत्रणाच्या कायद्याने घरभाडी गोठलेली होती. भाडेकरूंना त्याने संरक्षण दिले, आणि ते आवश्यकही होते. मात्र मालकाला त्या भाड्यात छज्जाचा गिलावासुद्धा करणे परवडेना. समुद्राच्या खाऱ्या हवेत काँक्रीटमधल्या सळ्या गंजल्या, फुगल्या आणि छज्जे तडकू लागले. सुरुवातीच्या काळात एका इमारतीच्या दुरुस्तीवर मी देखरेख करीत होतो. मी दोन आठवडे बाहेरगावी असताना कंत्राटदाराने वळणदार छज्जे दुरुस्त करण्याऐवजी भिंतीलगत कापून टाकले. पहिल्याच पावसाळ्यात खिडक्यांतून पाणी आत आले आणि उन्हाळ्यात खोल्या तापू लागल्या. छज्जा हा दागिना नसून इमारतीचे काम करणारा अवयव आहे, हे रहिवाशांना त्या दिवसापासून मला वेगळे समजवावे लागले नाही, पण त्या इमारतीला तिचे छज्जे परत मिळाले नाहीत.

दुसरा वैरी पुनर्विकासाचे गणित. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, जुन्या इमारतींच्या जागी वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी, मिळते, रहिवाशांना मालकीचे आणि मोठे घर मिळते, उद्वाहन मिळते. आपल्या आजीला दोन मजले चढवत नाहीत, असे आपण लिहिले आहे, आणि त्यापुढे कोणत्याही वास्तुविशारदाने वारशाची भाषा बोलू नये. तरीही काय जाणार आहे, ते स्पष्टपणे म्हटले पाहिजे. दर्शनी भागाची नक्कल नव्या इमारतीच्या पोडियमवर, म्हणजे खालच्या गाड्यांच्या मजल्यांवर, चिकटवता येते आणि तशी उदाहरणे झाली आहेत. साडेत्रेसष्ट अंशांचा कोन मात्र नक्कल करता येत नाही. तीन मजल्यांसाठी सोडलेल्या वीस फुटांच्या अंतराने वीस मजल्यांच्या दोन इमारती समोरासमोर उभ्या राहिल्या की, प्लेगनंतर शहराने शिकलेला धडा पुन्हा पुसला जातो. तळमजल्यावरील गाड्यांच्या थरामुळे गॅलरी आणि रस्ता यांची जवळीकही तुटते. दादर-माटुंगा ज्या एका गोष्टीमुळे चालत्या माणसाचे उपनगर झाले, ती हीच जवळीक होती: दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून हाक मारली तर ट्रामकडे निघालेल्या माणसाला ऐकू जात असे.

म्हणून नोंदीचे काम गॅलरीपासून नव्हे, इमारतींमधल्या मोकळ्या जागेपासून सुरू करावे. चारही बाजूंचे अंतर फितीने मोजावे, समोरच्या इमारतीची उंची काढावी आणि कोन स्वतः मांडून पाहावा. मग प्रत्येक मजल्याचा नकाशा काढावा, त्यात संडास, मोरी, देवघर आणि मागचा जिना यांची मूळ जागा दाखवावी, आणि कोणत्या भिंती नंतर पाडल्या ते आजीला विचारून वेगळ्या रंगाने भरावे. महापालिकेच्या मालमत्ता खात्यात भाडेपट्ट्याची कागदपत्रे असण्याची शक्यता आहे, कारण १९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि त्याचे भूखंड तिच्याकडे आले. मूळ पट्ट्याची प्रत सोसायटीकडेही असू शकते. दाराच्या कड्या, जाळीचे नमुने आणि दोन-चार अखंड फरश्या पाडकामाच्या कंत्राटात लिहूनच घेऊन वाचवाव्यात, तोंडी आश्वासनावर विसंबू नये. आणि रस्त्याला पत्रे लागण्यापूर्वी, डिसेंबरमधल्या एखाद्या सकाळी, तळमजल्याच्या मागच्या खोलीत बसून तिथे ऊन किती वाजता येते आणि किती वाजता जाते, तेवढे घड्याळात पाहून नकाशाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे.